सासूबाईंचा आवडता पिक्चर आणि कांद्याचा विनोद

पत्र:

ताई, मी ३१ वर्षांचा. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला सिडकोत. पिक्चर, पुस्तकं आणि गाणी, या तीन गोष्टींवर माझा पगार जातो. शुक्रवारचा पहिला खेळ सहसा चुकत नाही. कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर सगळे मला विचारतात, ‘काय रे, बघायचा का?’ मी इंटरव्हललाच मेसेज टाकतो, ‘गो’ नाहीतर ‘नो-गो’. मी नो-गो म्हटलं की कोणी तिकडं फिरकत नाही. मला स्वतःला कमी बोलणारे, संथ, ढॅणढॅण संगीत नसलेले सिनेमे आवडतात, त्यामुळं नो-गो जास्त निघतात.

महिन्यापूर्वी सासुरवाडीला नाशिकरोडला जेवायला गेलो होतो. सासरे प्रेसमधून रिटायर झालेत, सासूबाईंचं माहेर निफाडकडचं. पंगतीला नऊ जण. टीव्हीवर ‘माहेरची साडी’ लागला. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, ‘हा माझा सगळ्यात आवडता पिक्चर.’ मी म्हणालो, ‘याला पिक्चर कशाला म्हणायचं? दोन किलो कांदे चिरले तरी तेवढंच रडू येतं, आणि भाजीही होते.’ सगळे हसले. सासूबाईही हसल्या आणि ‘पोळ्या बघते’ म्हणून आत गेल्या.

तेव्हापासून मी गेलो की त्या टीव्ही बंद करतात आणि रिमोट माझ्यासमोर आणून ठेवतात. ‘जावईबापू, तुम्हाला हवं ते लावा.’ बायकोनं माझ्याबरोबर पिक्चरला येणं सोडलंय. मैत्रिणींबरोबर जाते आणि कुठला बघितला ते सांगत नाही.

मी खोटं बोललो का? वाईट पिक्चरला वाईट म्हणायचं नाही का? की घरात शांतता हवी म्हणून दिसेल त्याला छान छान म्हणत सुटायचं?

– नो-गो, सिडको, नाशिक

उत्तर:

नो-गो, तुझ्या आईच्या वयाची असेन, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

आधी तुझ्या विनोदाबद्दल. विनोद चांगला आहे. वाचला तेव्हा मी एकटीच हसले, मग यजमानांना वाचून दाखवला, तेही हसले. त्यातलं ‘आणि भाजीही होते’ हे शेपूट तर फारच नेमकं. इतकं नेमकं की मला वाटतं तू तो आधी टपरीवर वापरून पाहिलेला असणार. भाताचा घास तोंडात असताना सुचलेले विनोद इतके घोटीव नसतात.

मग पुढच्या ओळीला मी अडले. ‘पोळ्या बघते’ म्हणून आत गेल्या. अरे, नऊ पानं मांडून लोक निम्मे जेवलेले असताना पोळ्या कधीच्या झालेल्या असतात. डब्यात असतात, वर फडकं असतं. त्या वेळी पोळ्या बघायला उठणारी बाई ओट्यापाशी जाऊन उभी राहते, नळ सोडते, स्वच्छ असलेलं एखादं पातेलं पुन्हा विसळते आणि चेहरा जागेवर आला की बाहेर येते. तुला नळ ऐकू आला नाही, कारण बाहेर हशा चालू होता.

शिवाय निफाडकडच्या बाईला तू कांद्याचं सांगितलंस. बाबा रे! त्या बाईनं पोरवयात उन्हाळ कांदा काढला असेल, पात कापली असेल, चाळीत भरला असेल, आणि पावसाळ्यात सडका वेगळा करताना त्या वासात दिवसच्या दिवस बसली असेल. कांद्यानं येणारं पाणी कोणतं आणि दुसरं कोणतं, हे तिला तू शिकवणार?

रिमोट समोर आणून ठेवतात तो जावयाचा मान नव्हे बरं का. ‘ही तुमची बाजू, ही माझी’ अशी ती आखलेली रेघ आहे.

तुझं काम मला थोडंफार कळतं. आमचे हे सातपूरला एका कारखान्यात टूलरूमला होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून ब्रेडचा तुकडा जाड कापला गेला की घरात जाडी मोजायच्या व्हर्नियरची आठवण निघते. नवं लग्न झालं होतं तेव्हा एकदा त्यांनी मला गो–नो-गो गेज आणून दाखवला होता. बोटभर लांबीचा दांडा, एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो बाजू भोकात जायला हवी, नो-गो बाजू जाता कामा नये. बास. भोक किती मायक्रॉननं चुकलंय, का चुकलंय, हे तो सांगत नाही. हो की नाही एवढंच, आणि चला, पुढचा पीस. मला ती वस्तू फार देखणी वाटली होती. अजून वाटते.

मी त्यांना विचारलं होतं, ही मापं ठरवली कोणी? ते म्हणाले, ड्रॉइंगनं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं, त्यावर टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडंतिकडं झालं तर चालेल ते, लिहिलेला असतो, त्याबरहुकूम गेज बनतो. ड्रॉइंग नसेल तर हा नुसता लोखंडाचा तुकडा.

तर मला सांग, ‘माहेरची साडी’चं ड्रॉइंग तुझ्या हाती कुठून आलं? तुला संथ, कमी बोलणारे सिनेमे आवडतात. मलाही आवडतात. पण गेज तू त्यांच्या मापाचा बनवलास आणि तोच खिशात घालून सगळीकडं हिंडतोस. बुशिंगचा गेज कुकरच्या शिट्टीत घालून बघितलास, आणि शिट्टी रिजेक्ट.

आपल्याच गावचं एक उदाहरण देते. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, आणि १९४४ साली नाशकातच देह ठेवला. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके नावाच्या नटानं राम केला आणि सीताही त्यांनीच केली. बायका कामाला मिळत नव्हत्या. साळुंके हा मूळचा मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारा माणूस. म्हणजे अशोकवनात बसून रामाची वाट बघणाऱ्या सीतेचे दंड रामाचेच! तुझ्या टेबलावर हा पीस आला असता तर तू लाल खूण करून बाजूला टाकला असतास, आणि तुझं काही चुकलंही नसतं. थिएटरात मात्र राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढून हात जोडत, असं सांगतात. त्या हात जोडण्याला तुझ्या गेजमध्ये जागाच नाही.

आता तुझंच पत्र ढिगातून वर का काढलं ते सांगते, म्हणजे मी काही उंचावर बसून बोलत नाही हे तुला कळेल.

१९९१ साली मी सत्तावीस वर्षांची होते. एका स्थानिक सायंदैनिकात सिनेमावर लिहायची. लेखाला पंचवीस रुपये आणि खेळाचा पास. खांद्याला शबनम, बुडाखाली लुना, आणि मराठी सिनेमाला वळण लावण्याची जबाबदारी नियतीनं आपल्यावर टाकली आहे अशी पक्की समजूत. ‘माहेरची साडी’ लागला. मी गेले, पाऊण तास चुळबुळले, मध्यंतराला उठले, लुनाला लाथ मारली आणि घरी येऊन लेख लिहिला. ‘अश्रूंचं रेशन दुकान’ असं काहीतरी शीर्षक होतं. संपादक खूश, मैत्रिणी खूश. तुझ्या कांद्याच्या विनोदाचा थोरला भाऊच म्हण.

दोन-तीन आठवड्यांनी धाकट्या बहिणीसाठी तिकिटं काढायला त्याच थिएटरवर गेले. खेळ अजून तोच. दारावर एक वयस्कर डोअरकीपर असायचा, खाकी शर्ट, खिशात टॉर्च. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, ‘बाई, त्या दिवशी इंटरव्हलला गेलात त्या तुम्हीच ना? मला वाटलं, घरी काही झालं की काय.’ मी म्हटलं, नाही, माझं काम झालं होतं. त्यानं माझा लेख वाचला होता की नाही कोण जाणे. वाद काही घातला नाही. एवढंच म्हणाला, ‘पाच मिनिटं थांबा. खेळ सुटेल आता.’

खेळ सुटला, दार उघडलं आणि बाहेर कोणी येईना. मी आत डोकावले. दिवे लागलेले, पडदा पांढरा झालेला, आणि बायका बसून. पदर नाकाशी. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका शेजारी शेजारी बसून डोळे पुसत होत्या आणि उठायची कोणालाच घाई नव्हती. बाहेर रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीनं लागलेल्या, त्यातून कितीजणी आलेल्या. डोअरकीपर मला म्हणाला, ‘यांना उठा म्हणवत नाही. पुढचा खेळ रोज दहा मिनिटं उशिरा लागतो. मॅनेजर बोंबलतो माझ्या नावानं.’ तेवढ्यात एकजण चपला हातातच घेऊन बाहेर आली आणि त्याला म्हणाली, ‘दादा, उद्या पण हाच हाये ना?’

मी त्याच दिवशी पुढच्या खेळाचं तिकीट काढलं आणि राहिलेला अर्धा भाग बघितला. आवडला का? नाही. आजही आवडत नाही. वाईट माणसं इतकी वाईट आहेत की त्यांना चहा पिताना बघूनसुद्धा संशय येतो. आणि पार्श्वसंगीत दर वेळी आपल्या आधीच रडायला लागतं, आपला नंबर येऊच देत नाही. पण एक गोष्ट माझ्या लेखात कुठंच नव्हती. पोरीच्या जन्माच्या वेळी आई जाते, म्हणून बाप पोरीला अपशकुनी ठरवतो, आणि ती जन्मभर त्याच्या एका बऱ्या शब्दाची वाट बघते. ट्रॉलीतून आलेल्या बायकांपैकी कितीजणींनी असा बाप घरात पाहिला असेल? गोष्ट मूळची एका राजस्थानी सिनेमाची. तिकडून इकडं आली आणि इथलीच असल्यासारखी चालली. त्यात लिहिण्यासारखं किती होतं, आणि माझं सगळं हुकलं, कारण मी लुनावर होते.

तूही मेसेज इंटरव्हललाच टाकतोस ना?

आता तुझा मुख्य प्रश्न. खोटं बोलायचं का? मुळीच नको. जावई एका रविवारी नाक मुरडतो आणि पुढच्या रविवारी ‘काय अप्रतिम अभिनय’ म्हणतो, हे सासूबाईंना पहिल्या वाक्यात कळेल आणि पहिल्यापेक्षा जास्त लागेल. आणि ‘चांगलं-वाईट असं काही नसतंच, ज्याची त्याची आवड’ असं म्हणून तुझी सुटकाही करणार नाही. मला ते वाक्यच आवडत नाही. बोलणं संपवायचं वाक्य आहे ते, तुझ्या नो-गोसारखंच, फक्त साखर घातलेलं.

दर्जा असतो की. बोट ठेवून दाखवता येतो. ‘सैराट’ घे, २०१६ चा. अजय-अतुलच्या गाण्यांवर लोक खुर्च्या सोडून नाचले होते. अख्खा सिनेमा गाण्यांनी आणि वाद्यांनी भरलेला, आणि शेवटाला दिग्दर्शकानं आवाजच काढून घेतला. ते लहान पोर, त्याची पावलं, आणि शांतता. ज्या थिएटरात दोन तास शिट्ट्या वाजत होत्या तिथं कोणाला खोकायचं धाडस होईना. मी हे तुला सांगू शकते, तू पुन्हा बघून पडताळू शकतोस, ‘मला नाही तसं वाटलं’ म्हणू शकतोस. नो-गोला कोणी काय उत्तर द्यायचं? त्यात धरायला मूठच नाही.

माझं एक मत ऐक. नाशकात राहून हे म्हणायला छाती लागते. मला ‘नटसम्राट’ बघण्यापेक्षा वाचायला आवडतं. १९७० साली डॉ. लागूंनी ते रंगभूमीवर उभं केलं, मग कितीतरी जणांनी केलं. मी निरनिराळ्या नटांचे चार-पाच प्रयोग बघितले असतील. दर वेळी ती गाजलेली स्वगतं जवळ आली की सभागृह खुर्चीत सावरून बसतं, आजूबाजूचे ओठ हलायला लागतात, आणि माझा बेलवलकर हरवतो. मला पाठांतर ऐकू यायला लागतं. घरी पुस्तक उघडलं की तो म्हातारा मला एकटीला भेटतो.

हे मी ते नाटक लिहिणाऱ्या तात्यासाहेब शिरवाडकरांच्या टिळकवाडीपासून चार गल्ल्यांवर, एका वाढदिवसाच्या जेवणात बोलून बसले. घरच्या बाई श्रीखंड वाढत होत्या, त्यांनी माझ्या ताटापर्यंत आलेला चमचा परत भांड्यात नेला! पण भांडण झालं नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘माझं बरोब्बर उलट होतं. सगळं सभागृह ओठ हलवतं ना, तेव्हाच माझ्या अंगावर काटा येतो.’ आणि अर्धा तास आम्ही तेवढ्यावरच बोललो. पुढच्या प्रयोगाला मी नटापेक्षा लोकांकडंच जास्त बघत बसले. मत बदललं नाही. जरा वाकलं. श्रीखंडही शेवटी मिळालं.

तुझ्या कांद्याच्या वाक्यात आणि यात फरक आहे तो एवढाच: मी माझं काय होतं ते सांगितलं, नाटकावर आणि नाटक आवडणाऱ्यांवर शिक्का मारला नाही. तुझ्या विनोदात पिक्चरचं एक अक्षर नव्हतं, नीट बघ. होत्या त्या रडणाऱ्या बाया.

आणि हे शिक्के मारणारे काही येरेगबाळे नसतात हो, फार जाणकार असतात. आपलेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ ते १९६२ देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी, त्यासाठी आकाशवाणीवर त्यांनी पुष्कळ केलंही. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची. त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी पिरगाळून सिलोन लावलं. अमीन सयानींची गीतमाला त्याच १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बुधवारी रात्री लोक रेडिओला कान लावून बसायला लागले. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. गंमत अशी की याच आकाशवाणीनं १९५५-५६ मध्ये पुण्याहून दर आठवड्याला गदिमांचं ‘गीतरामायण’ घराघरात पोचवलं होतं, आणि गदिमा तर सिनेमालाही लिहीत होते. ‘बुगडी माझी सांडली गं’ त्यांचीच, १९५९ ची. एकाच पेनातली शाई. आमच्या पंचवटीतल्या घरी आरती केल्यासारखी गीतरामायणाची तबकडी लागायची आणि बुगडी लागली की काकू दार लोटून घ्यायच्या. लोटायच्या, पण बंद करायच्या नाहीत. आतून ठेका ऐकू यायचा, पोळपाटावर लाटण्याचा.

केसकरांना मंत्रिपद हाती असून जमलं नाही ते तुला टपरीवरून जमेल, असं मला वाटत नाही.

बरं, करायचं काय. रविवारी नाशिकरोडला जा. विनोद चारचौघांत केलास, तर विचारायचं तेही चारचौघांतच विचार: ‘आई, तुम्ही माहेरची साडी कुठं बघितला होता? कोणाबरोबर?’ त्या पहिल्यांदा म्हणतील, ‘कुठलं आठवतंय आता.’ आठवतंय त्यांना. थोडं थांबून पुन्हा विचार. मग त्या सांगायला लागल्या की मधे बोलू नकोस, त्यात थिएटरचं नाव, टांग्याचं भाडं, गेलेली थोरली बहीण, कडेवर असलेली तुझी बायको, काय काय येईल. ‘मलाही आवडला तसा’ हे चुकूनही म्हणायचं नाही. माफीचं भाषण तर नकोच. त्यांनी उलट तुला विचारलं की तुम्हाला का नाही आवडला, तर सांग: संगीत फार, माणसं एकतर काळी नाहीतर पांढरी, जे काय असेल ते. मी वर सांगितलं तसं, तुझ्या शब्दांत. त्या ऐकतील. कदाचित म्हणतील, ‘ते आहेच.’ आवडता पिक्चर कुठं लंगडा आहे हे आवडणाऱ्याला सगळ्यात आधी ठाऊक असतं.

बायकोचं दुखणं वेगळं आहे. तिला पिक्चर नकोसा झालेला नाही, मैत्रिणींबरोबर जातेच आहे. तिला नकोसा झालाय तो दिवे लागायच्या आत तू दिलेला निकाल. अजून तिचे डोळे उजेडाला सरावत नाहीत, मनात काहीतरी चालू असतं, आणि शेजारून आवाज येतो, ‘फालतू.’ यापुढं एक कर. मॉलच्या पार्किंगमधून गाडी निघाल्यापासून त्रिमूर्ती चौक येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सिग्नल धरून पंधरा मिनिटंही लागणार नाहीत, मरणार नाहीस. ती बोलली तर ऐक. नाही बोलली तर घरी जाऊन खिचडी टाका. कुठला बघितला हे ती तुला सांगत नाही याचा अर्थ लागतोय ना? तिला आवडलेला होता.

टपरीवर नो-गो चालू ठेव, तिथं तो खेळ आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त इंटरव्हलचा मेसेज बंद. आणि एखाद्या शुक्रवारी असा पिक्चर सांग जो तुझ्या मापात बसत नव्हता आणि तरी तुला धरून राहिला. असतो प्रत्येकाकडं. माझे सांगते: दुपारी इस्त्री करताना मी हिंदीत डब केलेले दक्षिणेकडचे मारधाडीचे पिक्चर लावते. नायक एका हातानं जीप उचलून फेकतो ते मला अत्यंत पटतं. मागच्या महिन्यात जीप हवेत असतानाच यजमानांच्या नव्या शर्टाची कॉलर भाजली. त्यांनी कॉलर बघितली, टीव्ही बघितला आणि म्हणाले, ‘आऊट ऑफ टॉलरन्स.’ मग इस्त्रीची खुर्ची ओढून शेवटापर्यंत बसले.

घाई करू नकोस. रिमोट एका रविवारात जागेवर जाणार नाही, दोन-तीन जेवणं लागतील. पण कधीतरी सासूबाईंनी तुझ्यादेखत तो पिक्चर लावलाच, तर मध्यंतराला उठू नकोस. बस शेवटपर्यंत. आणि डोळ्यांत पाणी आलंच, तर ‘पोळ्या बघतो’ म्हणून आत जाऊ नकोस. त्यांना लगेच कळेल.